फुटबॉल, अमेरिकन : लहान महाविद्यालयांतील खेळाडूंचा व्यावसायिक प्रवेश

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील व्यावसायिक फुटबॉलचे (पायचेंडूहून भिन्न असा, चेंडू हातात घेऊन खेळावयाचा खेळ) खेळाडू प्रायः महाविद्यालयांतूनच येतात. नॅशनल कॉलेजिएट ॲथ्‌लेटिक असोसिएशनने १९७३ मध्ये सदस्य-संस्थांचे तीन विभाग पाडले. त्यांपैकी तिसऱ्या विभागात क्रीडाशिष्यवृत्त्या दिल्या जात नाहीत. लहान महाविद्यालयांतील सामने मोजकेच निरीक्षक पाहतात आणि प्रतिस्पर्धी दुबळे मानले जात असल्याने तेथील खेळाडूच्या पराक्रमाचे मोल कमी धरले जाते.

नॅशनल फुटबॉल लीगने १९३६ मध्ये खेळाडूंच्या वार्षिक निवडीची (ड्राफ्ट) पद्धत सुरू केली. आदल्या हंगामातील सर्वांत दुबळ्या संघाला प्रथम निवडीचा हक्क, हे तिचे मूलतत्त्व होय. १९९४ पासून निवडीच्या सात फेऱ्या होतात व त्यांत सु. २५० खेळाडू निवडले जातात. न निवडलेला खेळाडू कोणत्याही संघाशी करार करू शकतो. मात्र सराव-शिबिरातून ५३ जणांच्या अंतिम चमूत टिकणे त्यास फार कठीण जाते. मिनेसोटा स्टेट या दुसऱ्या विभागातील संस्थेचा ॲडम थीलेन २०१३ मध्ये असाच वगळला गेला होता. चाचणीद्वारे मिनेसोटा व्हायकिंग्ज संघात येऊन त्याने २०१७ व २०१८ या दोन्ही हंगामांत हजारांहून अधिक यार्डांचे झेल घेतले.

कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या महाविद्यालयांचा इतिहास या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. वर्णभेदामुळे दक्षिणेतील साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या मुख्य फुटबॉल संघांतून १९६७ पूर्वी कृष्णवर्णीय खेळाडू खेळले नाहीत. त्यामुळे गुणवान खेळाडू ग्रॅम्ब्लिंगसारख्या संस्थांत एकवटले. ग्रॅम्ब्लिंगचा पॉल यंगर १९४९ मध्ये लॉस अँजेल्स रॅम्स संघात दाखल झाला. अशा महाविद्यालयातून लीगमध्ये खेळणारा तो पहिला खेळाडू होय. पुढे बिल नन या कृष्णवर्णीय पत्रकाराने पिट्‌सबर्ग स्टीलर्स संघाचा निरीक्षक म्हणून या दुर्लक्षित संस्था पालथ्या घातल्या. मेल ब्लाउंट, जॉन स्टॉलवर्थ व कोणीही न निवडलेला डॉनी शेल हे खेळाडू संघास लाभण्यात त्याच्या निरीक्षणाचा मोठा वाटा होता. १९७५ ते १९८० या काळात स्टीलर्सने चार वेळा ‘सुपर बोल’ जिंकला. जॅक्सन स्टेटचा वॉल्टर पेटन (१९७५) व मिसिसिपी व्हॅली स्टेटचा जेरी राइस (१९८५) हे मात्र पहिल्याच फेरीत निवडले गेले.

वर्णभेदाचे निर्बंध उठल्यावर मोठी विद्यापीठे या खेळाडूंना आकर्षून घेऊ लागली. २०२१ मध्ये संस्थांतराचे नियम शिथिल झाल्याने लहान महाविद्यालयात नावारूपास आलेला खेळाडू पदवीपूर्वीच मोठ्या विद्यापीठात जाऊ लागला. त्याच वर्षीच्या निवडीत कृष्णवर्णीय महाविद्यालयांतील एकाही खेळाडूस स्थान मिळाले नाही. २०२२ मध्ये चौघांना मिळाले. खेळाडूचा मार्ग यामुळे सुकर झाला असला, तरी त्यास घडविणाऱ्या संस्थेच्या वाट्यास श्रेय अल्पच येते.