डब्याचे तोंड आणि ओतण्याची तोटी

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील लोंढा हे रेल्वेचे जंक्शन म्हणून सर्वपरिचित आहे. मिरज-बेळगावकडून आलेला लोहमार्ग येथे फुटतो. एक फाटा धारवाड-हुबळीकडे, तर दुसरा कॅसलरॉक व दूधसागरमार्गे गोव्याकडे जातो. पुण्याहून मिरजेपर्यंत १९७१ साली ब्रॉडगेज झाला. मात्र मिरजेच्या पुढे लोंढ्यापर्यंतचा मार्ग १९९० च्या दशकातील रूपांतरापर्यंत मीटरगेजच राहिला. त्या काळात प्रवाशांना मिरजेस गाडी बदलावी लागे व माल एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत चढवावा लागे. दोन्ही गाड्या उत्तम, दोन्ही मार्ग मजबूत. परंतु रुळांची रुंदी जुळत नाही, एवढ्याच कारणाने श्रम, वेळ व माल यांची हानी होत असे.

जी गोष्ट रुळांची, तीच आज या भागातील घरोघरच्या डब्यांची व कॅनची आहे. पॉवर टिलर, गवत कापण्याचे यंत्र, पाण्याचा पंप व पाठीवरचा फवारणी पंप ही साधने आता लहान शेतकऱ्यांपर्यंत पोहोचली आहेत. त्यांच्यासोबत पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑईल आणि औषधांचे डबेही घरात आले. प्रत्येक डब्याचे तोंड निराळे, आटे निराळे आणि झाकणही निराळे. ओतण्याची चांगली तोटी मात्र घरात एखादीच असते. ती एका कॅनला बसते, दुसऱ्याला बसत नाही. मग फडके गुंडाळून, हात आडवा धरून किंवा बाटली अर्धी कापून केलेल्या नरसाळ्याने काम भागविले जाते. यात जे सांडते ते केवळ पैशाचे नुकसान नसते. पेट्रोल सांडले तर आगीचे भय आणि औषध सांडले तर विषबाधेचे. यास्तव तोटी आणि तोंड यांचा मेळ घालणारा लहानसा जोडतुकडा, ज्याला बाजारात अडॅप्टर म्हणतात, तो समजून घेणे अगत्याचे आहे.

डबा ते बॅरल

जुन्या पिढीला रॉकेलचा चार गॅलनचा, म्हणजे सुमारे अठरा लिटरचा, पत्र्याचा चौकोनी डबा आठवत असेल. त्याला पक्के तोंडच नसे. कोपऱ्याला भोक पाडून तेल काढले जाई. याच मापाचे पातळ पत्र्याचे डबे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात इंधनासाठी वापरले. ते वाटेतच गळत. उलट जर्मन सैन्याच्या वीस लिटरच्या कॅनला घट्ट बसणारे झाकण, वरच्या अंगास हवेची पोकळी आणि ओतताना हवा आत घेणारी नळी होती. दोस्त राष्ट्रांनी पुढे त्याच कॅनची नक्कल केली. ‘जेरीकॅन’ हे नाव त्यातूनच रूढ झाले.

प्रमाणित तोंडाचे उत्तम उदाहरण म्हणजे सुमारे दोनशे लिटरचे लोखंडी बॅरल. त्याच्या माथ्यावर सामान्यतः दोन बुचे असतात, एक दोन इंची व दुसरे पाऊण इंची. त्यामुळे बॅरलची तोटी एकदा विकत घेतली की ती बहुतेक बॅरलना चालते. लहान कॅनच्या बाबतीत अशी एकवाक्यता नाही. पाण्याच्या व शीतपेयांच्या बाटल्यांची तोंडे बहुधा २८ मिलिमीटरच्या जातीची असतात. तेलाच्या आणि औषधांच्या कॅनची तोंडे कंपनीगणिक बदलतात. जोडतुकड्याची गरज येथेच उत्पन्न होते. त्याच्या एका टोकाचे आटे कॅनच्या तोंडावर बसतात, तर दुसऱ्या टोकास घरातील नेहमीची तोटी लागते.

आटे, वॉशर आणि हवा

जोडतुकडा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट आट्यांची. केवळ तोंडाचा व्यास जुळून भागत नाही. दोन आट्यांमधील अंतरही जुळावे लागते. दुकानात जाताना कॅनचे मूळ झाकण सोबत न्यावे, हा सर्वांत सोपा उपाय. जोडतुकडा हाताने, जोर न लावता, किमान दोन पूर्ण फेरे सरळ फिरला पाहिजे. अर्ध्या फेऱ्यात अडला किंवा तिरपा बसला, तर तो त्या तोंडाचा नव्हे असे समजावे. पक्कड लावून बसविल्यास प्लॅस्टिकचे आटे कापले जातात आणि मग मूळ झाकणही घट्ट बसत नाही.

दुसरी गोष्ट वॉशरची. नळकामात आट्यांवर पांढरी टेप गुंडाळण्याची पद्धत आहे. कॅनच्या तोंडाशी तिचा उपयोग होत नाही. कारण तेथे गळती आटे थांबवीत नाहीत, तोंडाच्या कडेवर दाबून बसणारे चपटे वॉशर थांबविते. साधे रबर पेट्रोलमध्ये फुगते व मऊ पडते. इंधनासाठी नायट्राईल रबराचे वॉशर घ्यावे. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असल्याने ही काळजी अधिकच आवश्यक झाली आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. लोंढ्याच्या मुसळधार पावसाळ्यात सैल झाकणाच्या डब्यातील पेट्रोल म्हणूनच लवकर बिघडते.

तिसरी गोष्ट हवेची, आणि तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. डब्यातून द्रव बाहेर पडला की त्याची जागा घेण्यास हवा आत यावी लागते. तोंड एकच असेल तर द्रव व हवा यांची त्याच वाटेवर ओढाताण होते. द्रव डुबुक डुबुक करीत हबक्याने उसळतो व अंगावर उडतो. अरुंद जोडतुकडा बसविल्यावर हा दोष वाढतो. म्हणून हवेची वेगळी नळी अथवा छिद्र असलेली तोटीच घ्यावी. तशी नसल्यास कॅन असा धरावा की त्याचे तोंड खालच्या नव्हे, तर वरच्या कडेला येईल. त्यामुळे तोंडाचा वरचा भाग हवेस मोकळा राहतो आणि धार एकसारखी पडते. बॅरलच्या बाबतीत मोठ्या बुचाला तोटी लावल्यावर धाकटे बूच किंचित सैल करावे.

नवी जोडणी प्रथम पाण्याने तपासावी. कॅनमध्ये थोडे पाणी घ्यावे, जोडतुकडा व तोटी बसवून तोटी बंद करावी आणि कॅन बादलीवर काही वेळ उलटा धरावा. एक थेंबही गळता कामा नये. नंतर कॅन व तोटी पूर्णपणे वाळवूनच त्यात इंधन भरावे.

इंधनाचे पथ्य

जोडतुकडा कितीही चांगला असला तरी चुकीचे भांडे त्यामुळे योग्य ठरत नाही. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ अन्वये विक्रीसाठी नसलेले पेट्रोल तीस लिटरपर्यंत परवान्याविना बाळगता येते. परंतु ते घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनीमातीच्या किंवा धातूच्या भांड्यात असावे, असे बंधन आहे. काचेच्या अथवा चिनीमातीच्या भांड्याची मर्यादा एक लिटर, तर धातूच्या भांड्याची पंचवीस लिटर आहे. शीतपेयाची प्लॅस्टिकची बाटली या यादीत बसत नाही.

पेट्रोलचा डबा काठोकाठ भरू नये. वीस लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापले की त्याचे आकारमान सुमारे पाव ते अर्ध्या लिटरने वाढते. त्यासाठी वर मोकळी जागा हवी. भरताना डबा वाहनात नव्हे, जमिनीवर ठेवावा. यंत्र बंद करून थंड होऊ द्यावे व मगच टाकीत पेट्रोल ओतावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या चुलीपर्यंतही पोहोचू शकते. अमेरिकेत तर २०२० साली झालेल्या कायद्याने इंधनाच्या डब्यांना ज्वाला आत शिरू न देणारे साधन आवश्यक ठरविले आहे. नळी तोंडाने ओढून इंधन काढण्याची सवय मात्र सर्वस्वी सोडली पाहिजे. इंधन श्वासनलिकेत गेल्यास फुफ्फुसांना गंभीर इजा होते.

औषधाचा डबा वेगळा

कीटकनाशकांच्या बाबतीत नियम आणखी कडक हवा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, ही घटना विसरता येण्यासारखी नाही. फवारणीचे द्रावण पाण्याने पातळ केलेले असते. डब्यातून ओतताना मात्र औषध पूर्ण तीव्रतेचे असते. म्हणजेच मापून ओतण्याचा तो एक क्षण सर्वांत धोक्याचा होय. यासाठीच युरोपात औषधांच्या कॅनसाठी ६३ मिलिमीटरचे रुंद तोंड रूढ झाले आहे आणि त्याला जोडून, हाताला थेंबही न लागता, औषध थेट पंपात सोडणारी साधने तयार झाली आहेत.

आपल्याकडे तोवर साधी शिस्त पाळता येईल. औषध मूळ डब्यातच ठेवावे व डब्यासोबत आलेल्या मापानेच मोजावे. ओतताना हातमोजे घालावेत. औषधासाठी तोटी अथवा नरसाळे लागलेच तर ते स्वतंत्र असावे, त्यावर लाल रंगाची ठळक खूण करावी आणि ते स्वयंपाकघरात कदापि आणू नये. खाद्यतेलाच्या डब्याला बसते म्हणून तीच तोटी तेलाला लावणे हा जीवघेणा खेळ आहे. येथे जोडतुकड्याची सोयच घातक ठरू शकते; कारण सर्व तोंडांना बसणारी तोटी सर्व द्रवांना चालते, असा भ्रम ती निर्माण करते.

डबा रिकामा झाल्यावर तो तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच टाकावे आणि डब्याला भोके पाडून तो निकामी करावा. रिकामे डबे पुन्हा वापरात येतील अशा रीतीने बाहेर टाकू नयेत, असे कीटकनाशक नियम, १९७१ सांगतात. डब्यावरील त्रिकोणाचा रंगही पाहावा. लाल म्हणजे अत्यंत विषारी. त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा असा उतरता क्रम आहे. विषबाधा झाल्यास तो डबा किंवा त्याचे लेबल सोबत घेऊन रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.

शाळा व पंचायत

या सीमाभागात घरात मराठी, कचेरीत कन्नड व बाजारात हिंदी असा भाषांचा व्यवहार चालतो. डब्यावरील सूचना ज्या भाषेत छापलेल्या असतात ती भाषा घरातील वडीलधाऱ्यांना वाचता येईलच असे नाही. शाळेत जाणारी मुले ते वाचू शकतात. शिक्षकांनी वर्गात अशा लेबलांचे वाचन करून घ्यावे. त्यासाठी डबे वर्गात न आणता लेबलांवरील मजकूर फळ्यावर उतरून घ्यावा. हवेचा नियम तर दोन बाटल्यांनी दाखविता येतो. एकीच्या बुडाला बारीक छिद्र पाडावे, दुसरी तशीच ठेवावी आणि छिद्रावर बोट धरून दोन्हीत पाणी भरावे. मग दोन्ही एकदम उलट्या कराव्यात व छिद्रावरचे बोट काढावे. कोणती आधी व शांतपणे रिकामी होते, हे पाहिलेले मूल घरी जाऊन वडिलांना नक्कीच सांगेल.

ग्रामपंचायतीने व कृषी कर्मचाऱ्यांनी पेरणीपूर्वीच्या बैठकीत आपल्या भागात नेहमी येणाऱ्या कॅनची झाकणे व त्यांना बसणारे जोडतुकडे एका फळीवर मांडून ठेवावेत. कोणाला कोणता तुकडा हवा, हे पाहताक्षणी कळेल. प्रत्येक जोडतुकडा ज्याच्या त्याच्या डब्याला दोरीने बांधून ठेवावा, म्हणजे ऐनवेळी शोधाशोध होणार नाही व एकाचा दुसऱ्याला लागणार नाही.

रुळांची रुंदी जुळविण्यास सरकारला अनेक वर्षे व मोठा खर्च लागला. डब्याचे तोंड आणि तोटी यांचा मेळ घालणे मात्र प्रत्येक घराच्या हातचे काम आहे.