वामनदादांची श्रद्धा आणि आमच्या हिशेबाची वही

जयंतीचा महिना तोंडावर आला, की परभणी जिल्ह्यातल्या वस्त्यावस्त्यांत बैठका सुरू होतात. विहारात सतरंजी अंथरली जाते, गेल्या वर्षीचा जमाखर्च वाचला जातो आणि पहिला प्रश्न निघतो तो डीजेचा. कुठल्या गावचा आणायचा, बेस किती, लाईट किती. मग कमान, मग भोजनदान. गायकाचा विषय निघालाच तर रात्री उशिरा, निम्मी मंडळी चपला शोधायला लागल्यावर. "बघू, कुणीतरी मिळेल," असे म्हणून तो संपवला जातो. आम्ही या बैठकांना उभे आयुष्य बसत आलो आहोत, म्हणून हे तक्रार म्हणून लिहीत नाही. त्या सतरंजीवर आम्हीही होतो, एवढे आधीच सांगून टाकतो.

हा विषय आज काढण्याचे कारण वामनदादा कर्डक. १५ मे २००४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. २०२२ साली त्यांची जन्मशताब्दी झाली, ठिकठिकाणी भाषणे झाली, स्मरणिका निघाल्या. पण त्या भाषणांत वामनदादांचा सत्कार झाला आणि वामनदादा नावाचा माणूस मात्र राहून गेला, असे आम्हाला वाटते. महाकवी म्हटले, की तो माणूस रात्री कुठे झोपत होता, काय खात होता, हे विचारायचे कारण उरत नाही.

१५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी या गावी त्यांचा जन्म झाला. वडील तबाजी, आई सईबाई. शाळेचे तोंड पाहायला मिळाले नाही. पोटासाठी मुंबई गाठली. गिरणीत काम केले, कोळशाच्या वखारीत काम केले, चिक्की विकली, आइसफ्रूट विकले. समता सैनिक दलात लेझीम खेळले आणि खेळवलेही. अंगात रग होती, गळ्यात आवाज होता. सिनेमात नट होण्याची हौसही होती. अक्षर तेवढे येत नव्हते.

आणि मग ती पत्राची गोष्ट घडली. चाळीतल्या एका माणसाने गावाकडून आलेले पत्र वाचून दाखवायला त्यांच्या हातात दिले. धडधाकट, चारचौघांत वावरणारा तरुण. याला वाचता येत असणारच, असे त्या बिचाऱ्याला वाटले. वामनदादांना ते पत्र वाचता आले नाही. ही लाज त्यांच्या इतकी जिव्हारी लागली की त्यांना रडू कोसळले. देहलवी मास्तरांकडे जाऊन त्यांनी बाराखडी गिरवली. जोडाक्षरे शिकले ती मुंबईच्या रस्त्यांवर, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत.

वाचकहो, ही गोष्ट तुम्ही ऐकलेली आहे. पण तिच्यातल्या एका बारकाव्याकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले. ज्याला अक्षर येत नाही असे लाखो लोक त्या काळात होते आणि 'आपल्या नशिबात नाही' म्हणून ते मोकळे होत होते. आमच्या आईबापांनीही तेच म्हटले. नशिबावर टाकले की लाज वाटत नाही. वामनदादांना लाज वाटली, याचा अर्थ अक्षर हा आपला हक्क होता आणि तो कुणीतरी हिरावून घेतला आहे, हे त्यांना आत कुठेतरी कळलेले होते. १९४३ साली नायगावला त्यांनी बाबासाहेबांना पाहिले. त्याच वर्षी ३ मे रोजी त्यांनी पहिले गीत रचले. एका हिंदी सिनेमागीताच्या चालीवरचे ते विडंबन होते, त्यात मोठे काव्य वगैरे नव्हते. लोक हसले, टाळ्या पडल्या. आपण लोकांना धरून ठेवू शकतो, हे त्या दिवशी त्यांना समजले. पुढची साठ वर्षे त्यांनी दुसरे काही केले नाही.

'करमणूक करणारा' हा शब्द आपल्या चळवळीला आवडत नाही. त्याला कारण आहे. गावगाड्याने आपल्याला नाचायला, वाजवायला आणि हसवायलाच ठेवले होते. रात्री तमाशात टाळ्या आणि सकाळी पाणवठ्यावर शिव्या. पठ्ठे बापूरावांनी पवळाबाईच्या तमाशाच्या खेळांचे उत्पन्न चळवळीला देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, ही आठवण चळवळीत सांगितली जाते. आपल्या बाईला नाचवून आलेला पैसा नको, हा त्यातला करारीपणा. त्यातूनच भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे उभे राहिले. तमाशाचा सांगाडा घेतला, पण गण-गवळण टाकली, स्त्रीचे नाचणे टाकले आणि त्या जागी सत्याग्रह, शिक्षण, अस्पृश्यता हे विषय आणले. लोकांना हसवायचे, पण लाचार होऊन नव्हे. वामनदादा याच वाटेने पुढे गेले. 'सांगत्ये ऐका' या १९५९ सालच्या गाजलेल्या चित्रपटात त्यांचे गीत आहे. त्या दाराने आत जाता आले असते. हा माणूस एस.टी.च्या मागच्या बाकावर बसून खेड्यांकडे निघाला.

आमच्या परभणीकडे वामनदादा आधी आले नाहीत, त्यांचे गाणे आधी आले. त्याचीही एक वाट आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. मुंबई इलाख्यातली चळवळ इकडे पोचायला वेळ लागला. पण मनमाडहून निघणारी मीटरगेजची गाडी सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा असा मार्ग धरून पुढे जात होती. मनमाड नाशिक जिल्ह्यातले. १९३८ च्या फेब्रुवारीत बाबासाहेबांनी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद घेतली ती याच मनमाडला. पूर्णा हे रेल्वेचे जंक्शन. आमच्या माणसांना तिथे गँगमन, खलाशी अशी कामे होती. मनमाडला ऐकलेले गाणे ड्यूटी संपवून परतणाऱ्या कामगाराच्या ओठांवरून पूर्ण्याला उतरायचे आणि तिथून बैलगाडीने खेड्यांत जायचे. वाटेत कडवे गळायचे, नवे जोडले जायचे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आमच्या बायाबापड्या हातोड्याच्या ठोक्यावर जी गाणी म्हणायच्या, ती कुणाची आहेत हे त्यांना ठाऊक नव्हते. नाव शेवटच्या कडव्यात असायचे आणि शेवटचे कडवे कुणाला पाठ नसायचे.

आमच्या जिल्ह्यातले गंगाखेड हे संत जनाबाईचे गाव. दासीपण भोगलेली ही बाई शब्दाने किती मोठी झाली, हे आम्ही कधीच नाकारणार नाही. तिच्या जात्याला हात लावायला देव आला, अशी कथा सांगतात. आमच्या आजीला ती कथा फार आवडायची. पण सईबाईच्या मोलमजुरीला हात लावायला कुणी आले नाही. खडी केंद्रावरही कुणी आले नाही. जी मदत आली ती बाबासाहेबांच्या कामातून आली. शाळा आली, वसतिगृह आले, राखीव जागा आली, मताचा अधिकार आला. औरंगाबादला १९५० साली मिलिंद महाविद्यालय निघाले, तेव्हा आमच्याकडची पोरे पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन तिकडे गेली. जात्यावरची ओवी मग आपोआप बदलली. शेजारच्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या अशा ओव्या अभ्यासकांनी १९९० च्या दशकात ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आहेत. जाते तेच, चाल तीच, ओवीत नाव मात्र भीमाचे.

इथे एक अवघड प्रश्न येतो आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. आमच्यातलेच काही शिकलेले तरुण विचारतात, की मग ही भक्तीच झाली की नाही? विठ्ठल काढला आणि भीम बसवला, एवढाच फरक? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी स्वतः बजावले होते, की धर्मात भक्ती ही मुक्तीची वाट असेलही, राजकारणात मात्र ती अधःपतनाकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. मग त्यांचेच गुणगान करणारे हजारो गीतांचे भांडार हे त्यांच्या इशाऱ्याविरुद्ध नाही काय?

आम्ही या प्रश्नावर बराच काळ गप्प होतो. आता आमचे मत सांगतो. वामनदादांची गाणी नीट ऐका. तो माणूस बाबासाहेबांकडे काहीही मागत नाही. पाऊस मागत नाही, पोर मागत नाही, दुखणे बरे करा म्हणत नाही. त्यांच्या स्वतःच्या घरात दुःख थोडे नव्हते. पहिला संसार मोडला, मुलगी लहानपणीच गेली. पण गाण्यात नवस नाही. उलट ते विचारतात. धनदांडग्यांना विचारतात की आमचा वाटा कुठे आहे. पुढाऱ्यांना विचारतात की गट किती पाडणार. आणि सर्वात कडक शब्दांत, समोर बसून टाळ्या वाजवणाऱ्या अनुयायालाच विचारतात, की तू त्यांच्या मताचा आहेस तरी काय? भक्त देवाला जाब विचारतो आणि शेवटी पायांवर डोके ठेवतो. वामनदादा जाब विचारून पेटी बंद करतात आणि पुढच्या गावाला जातात. या श्रद्धेला आम्ही भक्ती म्हणत नाही. मात्र आजकाल मंचावर जी गाणी चालतात त्यांतल्या बऱ्याच गाण्यांबद्दल हेच म्हणता येईल काय, याची खात्री आम्हाला नाही. 'कुणाच्या बापाला भीत नाही' या धर्तीची गाणी नाचायला बरी असतात. त्यांत प्रश्न एकही नसतो.

प्रल्हाद शिंदे यांचेही उदाहरण द्यायला हवे. लहानपणी आईवडिलांबरोबर गाऊन भिक्षा मागणारे हे पोर पुढे घराघरांत पोचले. त्यांनी भीमगीते गायली, कव्वाली गायली आणि विठ्ठलाचीही गाणी गायली. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजात यावर कुरकुर झाली. पोटाचा प्रश्न आहे, असे काहींनी समजून घेतले; काहींनी घेतले नाही. आम्ही एकेकाळी न घेणाऱ्यांत होतो. आज आम्ही असे विचारतो, की विठ्ठलाच्या कॅसेटला बाजारात भाव मिळत होता, तेव्हा भीमगीताला तेवढा भाव देण्याची जबाबदारी कुणाची होती? २००४ च्या जून महिन्यात प्रल्हाददादाही गेले, वामनदादांच्या पाठोपाठ. विठ्ठल उमप २०१० च्या नोव्हेंबरमध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर मंचावरच कोसळले. ही माणसे निवृत्त होऊन अंथरुणावर पडली नाहीत, गात गात गेली. त्यातला कणखरपणा मोठा आहेच. पण निवृत्त होणे त्यांना परवडत होते काय, हेही कुणीतरी विचारावे.

वामनदादांना मान मिळाला नाही असे नाही. 'वाटचाल' १९७३ साली, 'मोहळ' १९७६ साली आणि 'हे गीत वामनाचे' १९७७ साली प्रसिद्ध झाले. १९९३ साली वर्ध्याच्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. पत्र वाचता आले नाही म्हणून रडलेला माणूस साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. प्रस्थापितांच्या वाङ्मयाच्या इतिहासात मात्र त्यांना कोपरा मिळाला, तोही 'लोकगीतकार' अशा पाटीखाली.

गाणे काय करते, हे आमच्या जिल्ह्याने दोन वेळा पाहिले. १९७८ साली विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला, त्यात परभणी जिल्ह्यातल्या वस्त्याही जळाल्या. पुढची सोळा वर्षे, १४ जानेवारी १९९४ पर्यंत, शाहिरांच्या गाण्यांनी माणसे जागी ठेवली. आणि १० डिसेंबर २०२४ रोजी परभणी स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत कायद्याचे शिक्षण घेणारा आमचा एक तरुण न्यायालयीन कोठडीत मरण पावला. त्या दिवसांत वस्तीत डीजे वाजला नाही. रात्री विहारात आठ-दहा म्हाताऱ्या बसायच्या आणि वामनदादांची जुनी गाणी हळू आवाजात म्हणायच्या. पेटी नाही, ढोलकी नाही. लहान पोरे दारात उभी राहून ऐकायची.

आता आमच्या वहीतली ती नोंद सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातल्या एका जयंती समितीने एका वयस्क गायकाला बोलावले. नाव सांगत नाही, त्यांच्या घरच्यांना बरे वाटणार नाही. आपली पेटी कापडात गुंडाळून, ढोलकीवाल्या पोराला घेऊन ते पॅसेंजरने आले. रात्री दहाला बसले ते पहाटे तीनला उठले. लोक हलले नाहीत. सकाळी समितीने त्यांना शाल दिली, हार घातला, फोटो काढला. मानधनाचे विचारल्यावर अध्यक्ष म्हणाले, "दादा, हे समाजाचं काम आहे." ते काही बोलले नाहीत. "गाडीभाडं तरी द्या, पोराला घरी पोचवायचंय," एवढेच म्हणाले. कोषाध्यक्षाने खिसे चाचपले आणि मंडपवाल्याचे पैसे द्यायचे राहिलेत, असे सांगितले. शेवटी दोघा-तिघांनी खिशातून काढून तिकिटापुरते दिले. ते कोषाध्यक्ष आम्ही होतो. मंडपवाल्याला त्याच दुपारी पूर्ण रक्कम दिली, त्याची पावती वहीत चिकटवलेली आहे. गायकाच्या नावापुढे 'शाल, हार' एवढेच लिहिले आहे.

ते गृहस्थ आता हयात नाहीत. ढोलकीवाला पोरगा पूर्ण्याला असतो, अजून वाजवतो, असे कळले. यंदाच्या बैठकीची तारीख ठरली आहे. आम्ही वही घेऊन जाणार आहोत आणि गायकाचा विषय पहिला घ्या, असे सांगणार आहोत. डीजेवाला ॲडव्हान्स मागायला येऊन गेला आहे, तो आम्ही अजून दिलेला नाही.