दोष फक्त माणसाचाच का?

२६ एप्रिल १९९३. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ मुंबईला निघाले. ते उशिरा उचलले गेले आणि बीड रोडवरच्या कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकले. पुढे विजेच्या तारांना लागून कोसळले. ११८ पैकी ५५ जण दगावले. चौकशीत वैमानिकांवर ठपका आला. पण विमानाच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक न रोखणाऱ्या यंत्रणेवरही आला.

विमान धावपट्टीवर सुसाट धावत असते तेव्हा एका वैमानिकाचे डोळे बाहेर असतात. दुसरा वेगाचा काटा पाहून ठरलेला वेग आला की मोठ्याने सांगतो. एका माणसाच्या डोळ्यांना सगळे झेपत नाही, म्हणून ही वाटणी. तेव्हा काटे कुठे बसवायचे, आकडे कसे दाखवायचे, यावर जीव अवलंबून असतात.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' मुंबईहून दुबईला निघाले. समुद्रावर अंधार, बाहेर पाहून विमान सरळ आहे की कलले, हे कळत नाही. ते दाखवणारे मुख्य वैमानिकासमोरचे यंत्र बिघडले आणि विमान उजवीकडे कलल्याचे खोटेच दाखवू लागले. त्याने विमान डावीकडे वळवत नेले. दुसरे यंत्र पाहा, असे फ्लाइट इंजिनिअरने सांगितलेही. पण वेळ उरला नव्हता. २१३ जण समुद्रात बुडाले.

२० जानेवारी १९९२ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गजवळ एअरबस डोंगरावर आदळून ८७ जण मेले. तिच्यात खाली उतरण्याचा कोन आणि मिनिटाला किती फूट उतरायचे, हे दोन्ही एकाच खिडकीत दिसे. ३.३ म्हणजे कोन आणि ३३ म्हणजे ३३०० फूट! फरक एका टिंबाचा. ही गफलत झाली असावी, असे चौकशीत मानले गेले. पुढे फुटांचा आकडा पूर्ण चार अंकी दाखवू लागले. वैमानिकाला नुसते 'नीट बघ' म्हणून भागले नाही, यंत्र सुधारावे लागले.

वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांत राबणाऱ्या आमच्या बंधुभगिनींनी हे ध्यानात ठेवावे. अपघात झाला की 'कामगाराचे लक्ष नव्हते' एवढ्यावर चौकशी संपता कामा नये. मीटर नजरेसमोर होता काय? धोक्याचा दिवा दिसत होता काय? दोन बटणे सारखीच होती काय? हे प्रश्न आपण विचारलेच पाहिजेत.