घेऊ की थांबू?

घरात लॅपटॉप घ्यावयाचे ठरते, काटकसर करून पैसे जमविले जातात, दुकानात जाण्याचा दिवसही निश्चित होतो. एवढ्यात कोणी जाणकार गृहस्थ सांगतात, "आताच घेऊ नका. दोन-तीन महिन्यांत नवे मॉडेल येत आहे." मग बेत पुढे ढकलला जातो. ते मॉडेल बाजारात येते न येते तोच त्याच्याही पुढच्या मॉडेलची वार्ता कानी येते.

पितळेचा तांब्या किंवा सागवानी कपाट घेताना असा पेच पडत नाही. पुढील वर्षीचा तांब्या काही अधिक पाणी धरणार नसतो! संगणकाची गोष्ट निराळी आहे. त्याचा मेंदू म्हणजे नखाएवढी एक चिप. तिच्यावर ट्रान्झिस्टर नावाचे अतिसूक्ष्म विद्युत्-घटक कोरलेले असतात. हे घटक जितके लहान करता येतील, तितके एका चिपेवर अधिक मावतात आणि ती अधिक काम करू शकते. गॉर्डन मूर या अमेरिकन तंत्रज्ञाने १९६५ साली असे दाखवून दिले, की चिपेवरील घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत आहे. पुढे १९७५ साली त्याने हा अवधी दोन वर्षांचा धरला. १९७१ मध्ये इंटेल कंपनीने काढलेल्या चिपेवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते; २०२० मध्ये ॲपल कंपनीने काढलेल्या एम-१ या चिपेवर ते १,६०० कोटी होते. तेव्हा 'याहून चांगले यंत्र येणार काय?' या प्रश्नाचे उत्तर नेहमी 'होय' असेच येते, आणि म्हणूनच त्या उत्तराचा घेणाऱ्याला काही उपयोग होत नाही.

ग्राहकांच्या या वाट पाहण्याने एक कंपनी बुडाली, अशी कथा संगणकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. ॲडम ऑस्बर्न या इंग्रज गृहस्थाचे बालपण तमिळनाडूतील तिरुवण्णामलै येथे गेले होते. पुढे अमेरिकेत त्याने १९८१ साली 'ऑस्बर्न-१' हा उचलून नेता येणारा संगणक विक्रीस आणला. आजच्या मुलांना त्याचे हसू येईल. शिवणयंत्राच्या पेटीसारखा त्याचा आकार, वजन सुमारे ११ किलो, आणि पडदा अवघा ५ इंचांचा! आत बॅटरीही नव्हती. तरीसुद्धा १,७९५ डॉलर देऊन लोकांनी तो हौसेने घेतला, कारण काम बरोबर नेण्याची सोय तोवर फार थोड्यांना मिळाली होती. १९८३ च्या आरंभी ऑस्बर्नने मोठ्या पडद्याच्या नव्या मॉडेलची वार्ता प्रकट केली. नवे यंत्र येणार म्हटल्यावर जुने कोण घेणार? मागणी आटली, माल पडून राहिला, आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. अभ्यासक म्हणतात, की कंपनीच्या नाशाला केवळ ती घोषणाच कारण झाली नाही. प्रतिस्पर्ध्यांची मोठ्या पडद्याची यंत्रे बाजारात आलीच होती. तथापि अशा प्रकाराला आजही 'ऑस्बर्न परिणाम' असेच म्हणतात.

थांबणे नेहमीच चुकीचे ठरते, असे मात्र नव्हे. जून २०२० मध्ये ॲपलने जाहीर केले, की आपल्या संगणकांत यापुढे इंटेलऐवजी स्वतःची चिप बसविली जाईल. नोव्हेंबरमध्ये तसे लॅपटॉप आले. त्यांतील एक तर पंख्यावाचून चालणारा होता, आणि बॅटरीही पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक वेळ टिके. ज्यांनी पाच महिने धीर धरला, त्यांचा लाभ झाला. बदल मोठा होता, नक्की होता आणि जवळ आलेला होता.

परंतु त्याच जूनमध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद होत्या. शिक्षक पडद्यावरून शिकवीत होते. ज्या घरी दोन भावंडांत एकच मोबाईल होता, तेथे एकाचा वर्ग चालू असता दुसऱ्याचा बुडत असे. अशा घराने कोणत्याही मॉडेलसाठी नोव्हेंबरची वाट पाहणे म्हणजे मुलाचे सहामाहीचे शिक्षण गमावणे होते. ते नुकसान दुकानाच्या पावतीवर कोठेही लिहिलेले नसते. म्हणून हिशेब करताना पुष्कळांच्या ते ध्यानात येत नाही.

घरचा जुना संगणक अजून नीट चालत असेल, तर थांबण्यास फारसे मोल पडत नाही. उलट, नवे मॉडेल दुकानात आले की मागच्या वर्षीच्या मॉडेलची किंमत बहुधा उतरते, आणि निबंध लिहिणे, हिशेब मांडणे, धडे पाहणे ही कामे तेही उत्तम करते. मात्र त्याला सुरक्षेच्या सुधारणा आणखी किती वर्षे मिळत राहतील, हे आधी विचारून घ्यावे लागते. विंडोज-१० या प्रणालीला मायक्रोसॉफ्टने देऊ केलेला सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा चांगली चालणारी कितीतरी यंत्रे विंडोज-११ च्या अटींत बसत नव्हती.