चौलची वाडी: विकावी की सुटीसाठी भाड्याने द्यावी?

शहरातील सुखवस्तू कुटुंबांना आता हॉटेलातील खोली नको, तर पाण्याजवळ, झाडीत, चार दिवस आपले स्वतःचे वाटेल असे घर हवे असते. परदेशात नदीतील बेटावरचे बंगलेही याच कामासाठी भाड्याने मिळतात. आपल्याकडे त्याला जवळचे ठिकाण म्हणजे अलिबाग तालुक्यातील चौल. एका अंगाला समुद्र, रेवदंड्याच्या बाजूस कुंडलिकेची खाडी आणि मध्ये नारळ-पोफळीच्या वाड्या.

चौलला पाहुणा नवा नाही. अरब प्रवासी अल-मसूदी हिजरी 304 साली येथे आला, तेव्हा या बंदराला सैमूर म्हणत. सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथील व्यापारी येथे घरे करून राहिल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. पुढे येथील रेशमी कापडही नावाजले. बंदर गेले, माग गेले, वाड्या राहिल्या. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरील वाड्यांचे अतोनात नुकसान केले. पोफळीचे नवे रोप फळावर येण्यास पाच-सहा वर्षे तरी लागतात. अशा वेळी हाती पैसा नसलेला मालक मुंबईच्या गिऱ्हाइकाला वाडी विकून मोकळा होतो. आमचे म्हणणे असे की, सौदा करण्यापूर्वी भाड्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

समजा, वाडीतील तीन खोल्यांच्या घराचे एका रात्रीचे भाडे 6,000 रुपये आहे. पावसाळ्याचे 16 आठवडे सोडले तर 36 आठवडे उरतात. आठवड्याच्या दोन रात्री धरल्या तर 72 रात्री, म्हणजे 4,32,000 रुपये. राखणदार, वीज, धुलाई, रंगरंगोटी व दलाली यांत निम्मे गेले तरी 2,16,000 रुपये उरतात, आणि जमीन आपलीच राहते. मात्र सर्व शनिवार-रविवार भरतीलच असे नाही. म्हणून कर्ज काढून नवा बंगला बांधण्यापेक्षा आहे ते घर दुरुस्त करणे शहाणपणाचे.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष नको. सातबाऱ्यावर भावाबहिणींची नावे असतील तर सर्वांची लेखी संमती घ्यावी. घर ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंदलेले असावे. समुद्राच्या भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत आणि खाडीकाठीही सीआरझेडचे नियम 1991 पासून लागू आहेत; तेथे परवानगीशिवाय एक खोलीही वाढवू नये. मालक स्वतः त्याच घरात राहत असल्यास पर्यटन खात्याच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेत नोंदणीची सोय आहे. वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सामान्यतः जीएसटीची नोंदणी लागत नाही. पाहुण्यांची ओळखपत्रे व नोंदवही ठेवावी.

पाहुणा परत येतो तो स्वच्छतेमुळे. आम्ही कापडाच्या धंद्यातले, म्हणून एवढे खात्रीने सांगतो: प्रत्येक खाटेमागे चादरींचे तीन जोड हवेत. एक खाटेवर, एक धुण्यात, एक कपाटात. कापड सुती व पांढरे घ्यावे. रंगीत चादर डाग लपवते, पण पाहुण्याचा संशय वाढवते. गाद्या, पडदे, वेताच्या खुर्च्या, लाकडी पलंग, नळाची व विजेची कामे, यांत आपल्या कारागीर बांधवांनाही काम आहे. हलाल जेवणाची खात्री आणि बायकामुलांना आडोसा हव्या असलेल्या कुटुंबांना स्वतंत्र घर हॉटेलापेक्षा अधिक सोयीचे पडते. हे गिऱ्हाईक आपण ओळखतो.

घर भाड्याने घेणाऱ्यानेही सावध राहावे. केवळ फोटो पाहून बयाणा पाठवू नये. मालकी कोणाची, माणसे किती चालतील, अनामत केव्हा परत मिळेल, बेत रद्द झाल्यास किती रक्कम कापणार, हे लिहून घ्यावे. विहिरीचे पाणी मचूळ आहे का आणि वीज गेल्यास सोय काय, हे विचारावे. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचा पावसाळ्यात बंद असतात; भाऊच्या धक्क्यावरून 2020 मध्ये सुरू झालेल्या रो-रो बोटीचे वेळापत्रकही हवामान पाहूनच धरावे. भरतीच्या वेळी मुलांना खाडीत उतरू देऊ नये.

वाडी विकल्याचा पैसा एकदाच येतो आणि लग्नकार्यात किंवा घरखर्चात विरून जातो. भाडे थोडे असले तरी दरसाल येते, आणि तोवर नवी पोफळ वाढत असते. सही करण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून हा हिशेब करावा.