न्यायिक विभक्ततेनंतर घटस्फोट : मालमत्तेचे काय?

मार्ग : न्यायिक विभक्ततेचा हुकूम घटस्फोटात आपोआप बदलत नाही. हिंदू विवाह अधिनियम, 1955 च्या कलम 13(1अ) नुसार हुकुमानंतर किमान एक वर्ष सहजीवन सुरू झाले नाही, तर दोघांपैकी कोणीही घटस्फोटाचा अर्ज करू शकतो. लोणार वा मेहकरच्या माहेरी राहणाऱ्या पत्नीला तिथल्या हद्दीच्या न्यायालयात तो करता येतो.

वारसा : विभक्ततेच्या काळात विवाह कायम असतो. पती मृत्युपत्र न करता वारल्यास पत्नी पहिल्या वर्गातील वारस ठरते. घटस्फोटानंतर हा हक्क संपतो; मुलांचा मात्र राहतो.

स्त्रीधन : दागिने, भांडी, माहेरच्या भेटी पत्नीच्याच मालकीच्या. लग्नाच्या सुमारास दोघांना मिळून आलेल्या वस्तूंबाबत न्यायालय कलम 27 खाली त्याच हुकुमात तरतूद करू शकते. तशी मागणी अर्जातच करावी.

घर व शेत : पतीच्या नावावरील मालमत्तेचा निम्मा वाटा आपोआप मिळत नाही. गोव्यात मात्र पोर्तुगीजकालीन नागरी कायद्यानुसार सामाईक मालकीचे तत्त्व आहे. सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लागलेले पत्नीचे नाव घटस्फोटामुळे आपोआप कमी होत नाही. त्यासाठी फेरफार लागतो.

पोटगी : कलम 25 खालील कायम पोटगीचा बोजा पतीच्या स्थावर मालमत्तेवर चढवता येतो.

मदत : महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी बुलढाणा येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे अर्ज करावा.