गाडीतली खडखड कुठून येते?

थांब्यावर उभ्या असलेल्या एसटीचे इंजिन चालू असते, तेव्हा खिडक्यांच्या काचा खडखडत असतात. चालक ॲक्सिलरेटर जरासा दाबतो आणि काचा एकदम गप्प होतात. इंजिन तर पूर्वीपेक्षा जोरात फिरू लागलेले असते, मग आवाज थांबतो का? हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. अनुभव बहुतेकांना असतो, उत्तर मात्र अडते, कारण ‘जोर जास्त तर आवाज जास्त’ ही समजूत मनात पक्की असते. मोटारीच्या आतला एखादा चिवट आवाज शोधणाऱ्यालाही हीच समजूत आडवी येते.

चार सिलिंडरच्या चार-फटकी इंजिनात दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेत असेल तर सेकंदाला १५ फेरे, म्हणजे ३० धक्के. ३००० फेऱ्यांना हेच धक्के सेकंदाला १०० होतात. गाडीतल्या प्रत्येक भागाची, म्हणजे काच, दाराचे अस्तर, डॅशबोर्डचा खण, आरसा यांची, स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते. धक्के नेमके त्या वारंवारतेने बसले की अनुनाद होतो आणि तो भाग जोराने हलू लागतो. इंजिनाचा वेग बदलला की जुळणी मोडते. एसटीची काच गप्प होते ती यामुळे.

परंतु नुसते हलणे म्हणजे खडखड नव्हे. खडखड व्हायला दोन वस्तूंची ताटातूट होऊन पुन्हा टक्कर व्हावी लागते. डॅशबोर्डवर एक नाणे ठेवले आहे असे समजा. डॅशबोर्ड खाली जाताना त्याचे त्वरण गुरुत्व त्वरणापेक्षा जास्त झाले, की नाणे त्याच्याबरोबर खाली येऊ शकत नाही. ते क्षणभर अधांतरी राहते आणि मग आपटते. त्वरण वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे सेकंदाला १० कंपने असतील तर नाणे उडायला सुमारे अडीच मिलिमीटर आयाम लागतो. ३० कंपनांना पाव मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त पुरतो, आणि १०० कंपनांना एका मिलिमीटरचा चाळिसावा भाग! हे हलणे डोळ्यांना दिसत नाही, कानांना मात्र स्पष्ट कळते. दहावीच्या पुढच्या विद्यार्थ्यांकडून हे गणित करून घेता येईल.

वस्तू स्क्रूने किंवा क्लिपने दाबून धरलेली असेल, तर गुरुत्वाच्या जोडीला तो दाबही असतो आणि ती सहसा सुटत नाही. क्लिप सैल पडली की दाब जातो व आवाज सुरू होतो. हाताने दाबल्यावर खडखड थांबते ती याच कारणाने.

दुसरा प्रकार कुरकुरीचा. यात टक्कर नसते, घर्षण असते. दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात, ताण वाढला की सटकतात, पुन्हा चिकटतात. फळ्यावर खडू किंचाळतो तो असाच. खडूचा कोन बदलला किंवा तुकडा लहान केला की आवाज बदलतो किंवा नाहीसा होतो, हे शिक्षकांना सांगायला नकोच. दाराचे रबर आणि पत्रा, आसनाचे कव्हर आणि प्लॅस्टिक, डॅशबोर्डचे दोन भाग, अशा जोड्यांमधून हा आवाज निघतो.

येथे मराठी मोठी उपयोगी पडते. खडखड, खुळखुळ, टकटक, किणकिण, कुरकुर, घरघर हे शब्द आपण उगाच वापरत नाही. खुळखुळ म्हटले की एखाद्या पोकळीत सुटी वस्तू आहे असे समजावे. किणकिण धातूची किंवा काचेची, टकटक अधूनमधून होणाऱ्या एकेका टकरीची, कुरकुर घर्षणाची. आवाजाला आधी नेमके नाव द्यावे. निम्मा शोध तिथेच लागतो.

उरलेला निम्मा अवघड, कारण दिशेच्या बाबतीत कान फसतात. आपल्या दोन कानांत साधारण २० सेंटिमीटर अंतर आहे. बाजूने आलेला ध्वनी एका कानाला फार तर ०.६ ते ०.७ मिलिसेकंद आधी पोहोचतो आणि मेंदू त्यावरून, तसेच दोन कानांतील तीव्रतेच्या फरकावरून दिशा ठरवतो. समोर, मागे किंवा डोक्यावर मधोमध असलेला स्रोत मात्र दोन्ही कानांना सारखाच, म्हणून तिथे घोटाळा होतो. त्यात बंद गाडीतल्या काचांवरून परावर्तने येतात. शिवाय कंपन पत्र्यातून पसरते आणि भलत्याच ठिकाणाहून हवेत उतरते. नादकाट्याचा दांडा टेबलावर टेकवला की टेबलच वाजते ना, तसे. डावीकडच्या दारातला आवाज पाठीमागून येतो असे वाटणे म्हणूनच नवलाचे नाही.

तेव्हा कानापेक्षा पद्धतीवर भरवसा ठेवावा. प्रथम गाडी पूर्ण रिकामी करावी. दारांचे कप्पे, डॅशबोर्डचा खण, आसनांखालची जागा, डिकी सगळे. जॅक, पाना आणि स्टेपनी नीट बसवली आहे का ते पाहावे. कित्येक आवाज येथेच संपतात. मोकळा आसनपट्टा खांबाच्या प्लॅस्टिकवर आपटत असेल तर तो अडकवून ठेवावा.

नंतर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. उघड्या जागेत (बंद गॅरेजमध्ये नव्हे, कार्बन मोनॉक्साइड विषारी असतो) गाडी न्यूट्रलमध्ये, हातब्रेक ओढून, इंजिनाचा वेग हळूहळू वाढवावा. ठरावीक वेगाला आवाज आला, तर तो इंजिनाच्या कंपनाशी जोडलेला आहे. उभ्या गाडीत येत नसेल, तर ताशी ४० किलोमीटरने आधी तिसऱ्या आणि मग चौथ्या गिअरमध्ये जावे. दोन्ही वेळा तो त्याच वेगाला आला, तर कारण चाकात किंवा रस्त्यात. १.८ मीटर घेराचे चाक ताशी ६० किलोमीटरला सेकंदाला नऊ फेरे घेते, हेही ध्यानात असावे. चालत्या गाडीत इंजिन बंद करून पाहण्याचा मोह टाळावा. ब्रेक जड होतात, स्टिअरिंगही अडकू शकते.

एकाने चालवावे आणि शोध दुसऱ्याने घ्यावा, हे बंधन समजावे. शोधणाऱ्याने एकेक भाग तळहाताने दाबत जावे. काच अर्धी खाली करावी. आवाज बदलला तर काच व तिची खाच संशयित. मीटरभर रबरी नळीचे एक टोक कानाजवळ धरून दुसरे डॅशबोर्डच्या फटींवरून फिरवले, की डॉक्टरच्या नळीसारखे काम होते. मोबाइल असेल तर जर्मनीतील आखेनच्या तांत्रिक विद्यापीठाचे ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप त्वरणाची वारंवारता दाखवते. फोन डॅशबोर्डवर घट्ट चिकटवून ३० धक्क्यांचे वरचे गणित पडताळता येते.

जागा सापडल्यावर दुरुस्ती बहुधा किरकोळ असते. सैल स्क्रू आवळावा, तुटलेली क्लिप बदलावी. टक्कर होणाऱ्या जागी फेल्टची पट्टी लावावी. टकरीचा काळ लांबतो आणि कानाला टोचणारे उंच स्वर उरत नाहीत. दाराच्या रबराला सिलिकॉनचे वंगण चालते, खनिज तेल नको, त्याने रबर फुगते. मात्र सगळ्या फटी डिंकाने बुजवण्याचा उत्साह आवरावा. तापमान ३० अंशांनी वाढले तर एक मीटर पोलाद जेमतेम ०.३६ मिलिमीटर वाढते, तर साधे पॉलिप्रॉपिलीन तीन मिलिमीटरच्या आसपास. प्लॅस्टिकला सरकायला ठेवलेली जागा बंद केली, तर सकाळी शांत असलेली गाडी दुपारच्या उन्हात कुरकुरू लागेल.

एअरबॅग असलेल्या गाडीत स्टिअरिंगचा मधला भाग, डॅशबोर्डची डावी बाजू, काही गाड्यांत आसनांच्या बाजू व खांबांची आवरणे यांना हात लावू नये, तिथे काही कोंबू किंवा चिकटवू नये. ते काम गॅरेजचे. ब्रेक दाबताना, वळताना किंवा खड्ड्यातून जाताना खालून ‘धाड्’ असा आवाज येत असेल तर तो प्लॅस्टिकचा नाहीच. चाकाचे नट, सस्पेन्शनचे सांधे किंवा ब्रेक यांत दोष असू शकतो. रेडिओ मोठा केल्याने लहान आवाजाबरोबर हाही झाकला जातो. अशा वेळी फेल्टची पट्टी बाजूला ठेवून गाडी त्याच दिवशी मेकॅनिकला दाखवावी.